चिमीसाठी आणलेले नाकतोडे

बुधाजी परबाच्या बाराव्याची जेवणं उरकली होती. पुरुषमाणसं खाली चौकात गेली होती, बाया मालनच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मोरीच्या बाजूनं बुधाजी खाकरला.

तोच खाकरा. जन्म गिरणीतल्या साच्यावर काढलेल्या, छातीत कापसाची धूळ बसलेल्या माणसाचा. आधी दोन कोरडे ठसके आणि मग घसा खरवडून काढलेला एक लांबलचक. पाठोपाठ त्याचा आवाज आला, "मालन, कवाड उघड गो."

कुणी ओरडलं नाही. शेजारच्या भागीरथीवैनीच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. गावाहून आलेल्या मावससासूनं डोळे गच्च मिटून घेतले आणि तिचे ओठ हलायला लागले. मालन मात्र उठली. दुसऱ्या पाळीहून नवरा परतला की जशी उठायची तशीच पदर सावरत उठली, दाराशी गेली आणि तिनं कडीला हात घातला. दार सताड उघडंच होतं. बाहेर गॅलरीत उन्हात कुणाची तरी गोधडी वाळत होती.

कडी धरून ती उभीच राहिली. शेवटी भागीरथीवैनीनं वर पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अगो, ती चिमी."

मोरीवरच्या खिळ्याला पिंजरा टांगलेला होता. सुतकात तो वैनीच्या खोलीत होता, वर जुनं लुगडं टाकलेला, आणि इतके दिवस आतून चकार शब्द आला नव्हता. त्याच सकाळी वैनीनं तो परत आणून जागेवर लावला होता. आपली खोली, आपली मोरी दिसल्यावर साळुंकीला कंठ फुटला होता. मान वाकडी करून ती दाराकडे बघत होती, आता कोण आत येतंय ते पाहायला.

चिमी त्या घरात आली ती बुधाजीच्या जेवणाच्या डब्यातून. लालबागच्या ज्या गिरणीत तो विणकर होता तिथे छपराची साफसफाई निघाली, वळचणीतलं घरटं खाली आलं आणि त्यातलं एक पिल्लू जिवंत राहिलं. बुधाजीनं रिकाम्या डब्यात सुताचा गुंता घातला, त्यावर ते ठेवलं आणि झाकण अर्धवट लावून घरी आणलं. मालनही त्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, पाळणा हलला नव्हता. डब्यातलं ते उघडंनागडं, चोच वासून बसलेलं पाखरू बघून ती म्हणाली होती, "ह्याला काय घालायचं आता?"

चाळीतल्या प्रत्येकाकडे उत्तर होतं. कुणी म्हणे भिजवलेली डाळ घाला, कुणी म्हणे चपातीचा कुस्करा. बुधाजीचं म्हणणं एकच होतं, "पाखराक जितो किडो व्हयो." नुसत्या पिठावर वाढवलेली साळुंकी पायांनी लुळी पडते, तिची पिसं झडतात, हे त्यानं लहानपणी मालवणात पाहिलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी दोघं नवराबायको एक पत्र्याचा डबा घेऊन निघत. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली होती. करी रोडला धान्याचं एक मोठं गोदाम होतं आणि त्याच्या मागे कुंपणाच्या आत एक मोकळा प्लॉट. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं गवत माजायचं. कडेनं रुईची झुडपं होती. गोदामाचा राखणदार कोंडीराम सातारकडचा, एकटाच तिथे पत्र्याच्या खोपटात राहायचा. तो कुंपणाची तार वर धरून दोघांना आत घेई आणि म्हणे, "पायाखाली बघून जावा, जनावर असतंया."

नाकतोडा पकडायची बुधाजीची एक ढब होती. हात मागून न आणता पुढून आणायचा, कारण नाकतोडा पुढे उडी मारतो आणि सरळ मुठीत येतो. घरी आल्यावर त्याच्या मागच्या तंगड्यांचा काटेरी भाग मोडून टाकायचा, म्हणजे पाखराच्या घशात टोचत नाही. मालनला आधी किळस यायची. पुढे तीच त्याच्याहून चपळ झाली.

रुईच्या पानांवर पिवळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, दाटलेला असे आणि त्या माव्यावर लाल, वाटोळे किडे चरत असत. पाठीवर काळे ठिपके, मसुराच्या दाण्याएवढा आकार. गावी त्यांना ढालकिडे म्हणत. पकडायला इतके सोपे की मालननं पहिल्या वेळी मूठभर गोळा केले. तिच्या बोटांना पिवळं पाणी लागलं आणि त्याचा कडवट वास साबणानं धुऊनही जाईना. घरी तिनं त्यातला एक चिमीपुढे टाकला. चिमीनं तो चोचीत धरला, लगेच फेकून दिला आणि पिंजऱ्याच्या गजावर चोच अशी घासली की ते बघून बुधाजी हसत सुटला. "तेका कोण खायत नाय," तो म्हणाला.

त्यानंतर प्लॉटवर गेली की मालनला त्या किड्यांकडे बघायचा नादच लागला. सरडा जीभ काढून एखादा ओढून घेई आणि तसाच थुंकून टाकी. जाळ्यात अडकला तर कोळी जवळ येई, चाचपून बघे आणि आपल्याच जाळ्याचे धागे तोडून त्याला खाली सोडून देई. माव्याची राखण करणारे मुंगळे त्याच्यावर धावून जात, पण हुसकावून लावण्यापलीकडे काही करत नसत. फक्त एकदा तिनं खंडोबाचा किडा पाहिला होता, हात जोडल्यासारखे पुढचे पाय धरून बसलेला हिरवा, लांबट मानेचा. तो एक ढालकिडा शांतपणे कुरतडत होता आणि लाल टरफलं खाली टाकत होता. बाकी त्या किड्याला वैरी नाही. तिनं हे बुधाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमी पण तसाच होवक व्हया होता. कडू." गिरणीत तेव्हा बोनसावरून रोज कटकट चालू होती.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात घालणार नाहीत असं रेडिओवर जाहीर झालं आणि लालबाग-परळ पेटलं. रस्त्यावर दगड, अश्रुधूर, मग गोळीबार, मग संचारबंदी. बुधाजी मोर्चात जाणारा माणूस. पण त्या आठवड्यात तो कुठेच गेला नव्हता, पोट धरून खोलीत पडून होता. आधी वाटलं बाधलं असेल. मग दुखणं उजव्या कुशीत जाऊन बसलं आणि अंग भट्टीसारखं तापलं. चाळीतली चार माणसं गाडी बघायला खाली उतरली. नाक्यावर पोलिसांनी बंदुका रोखून त्यांना मागे फिरवलं. व्हिक्टोरियावाला घोडा बाहेर काढायला तयार नव्हता. टॅक्सी तर नजरेलाच पडत नव्हती. जे इस्पितळ एरवी चालत जाण्याच्या अंतरावर होतं ते त्या दिवसांत काशीएवढं लांब गेलं. संचारबंदी सैल झाली तेव्हा बुधाजीला नेलं ते थेट स्मशानात.

पोटात आतडं फुटून मेला. त्याला गोळी लागली नव्हती, म्हणून त्याचं नाव कुठल्या फलकावर लागलं नाही, त्याच्या दारी कुणी पुढारी आला नाही. मालनची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिला एवढंच कळत नव्हतं की आठवड्यामागे चालता-बोलता असलेला माणूस असा जातो कसा.

आणि बाराव्याला तो खाकरला.

त्या दिवसापासून चाळीत दोन तट पडले. काही बाया मालनच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. धाकटा दीर शामराव वरळीहून मुद्दाम आला. पिंजऱ्यातून भावाचा आवाज आला तसा तो खाली बसला आणि त्यानं हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "वैनी, तेचो जीव अडाकलोहा तिच्यात. सोड तिका."

"माजो पण अडाकलोहा," मालन म्हणाली.

शामरावानं पुन्हा तो विषय काढला नाही.

चिमी ते रोज बोलायचीच असं नव्हतं. कधी दोन-दोन दिवस नुसती शीळ घाले, कधी खालच्या पोरांची "मुंबई आमची" ही घोषणा अर्धवट म्हणून सोडून देई. मग मालन भाजी चिरत असताना, केस विंचरताना, तो खाकरा येई आणि ते चार शब्द. मालन उठून कडीला हात लावून यायची. दार उघडं असो की बंद. भागीरथीवैनीनं एकदा ते पाहिलं आणि आपल्या खोलीत निघून गेली.

आता पाखराला जपणं हेच मालनचं काम झालं. गिरणी, खोली आणि रविवारी करी रोडचा प्लॉट. कोंडीराम पूर्वीसारखीच तार वर धरायचा. पहिल्यांदा ती एकटी आली तेव्हा त्यानं विचारलं, "मालक न्हाई आले?" आणि तिनं सांगितल्यावर तो तारेवरचा हात न काढता मान खाली घालून उभा राहिला. नंतर तो स्वतःच अधूनमधून चार-दोन नाकतोडे पकडून कागदाच्या पुडीत घालून ठेवायला लागला. त्याची बायको-मुलं गावी होती. मालन कधी त्याच्यासाठी सुक्या बांगड्याची चटणी न्यायची. त्यापलीकडे दोघांचं बोलणं फारसं नव्हतं.

सत्तावन्न साल उजाडलं, निवडणुका झाल्या, संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं निवडून आली, चाळीत गुलाल उधळला. पावसाळा सरला. दसरा झाल्यानंतरच्या एका रविवारी मालन डबा घेऊन प्लॉटवर गेली. कोंडीराम बाहेर दिसला नाही. खोपटाचं दार लोटलेलं होतं. झोपला असेल म्हणून तिनं हाक मारली नाही, स्वतःच तार वर करून आत शिरली.

गवत नेहमीसारखंच उभं होतं. पण पाय टाकला की समोरून जे फर्रकन उडायचं, ते आज काही उडालं नाही. नाकतोडे होते. पुष्कळ होते. गवताच्या बुडाशी, वाटेवर, दगडांवर कुशीवर पडलेले, काही पाय झाडत होते, काही नुसते मिशा हलवत होते. तिनं वाकून एक उचलला. त्यानं उडी मारायचा प्रयत्नही केला नाही. मालनचे गुडघे त्या वर्षी फार दुखायला लागले होते, घटकाभर वाकून पाठलाग करणं तिला जड जायचं. आज तशी धावपळ नाही म्हणून तिला बरं वाटलं. पानापानांवर पांढुरकी धूळ होती. करी रोडला गिरण्यांची धूळ कुठे नसते.

डबा बघता बघता भरला. परत फिरताना ती रुईच्या झुडपांशी थांबली. खाली मातीवर लाल किडे पडले होते. उताणे, पाय पोटाशी मुडपलेले. एक-दोन नव्हेत, शेजारी शेजारी सांडलेल्या मसुरासारखे. मालन त्यांच्याकडे बघत राहिली. ह्यांना कोणी मारलं? ज्याला सरडा थुंकतो, कोळी सोडतो, पाखरू फेकतं, त्याला असं रांगेनं झोपवणारं कोण आलं? तिच्या मनात एवढं येऊन गेलं. पण डबा भरला होता, ऊन चढत होतं, चिमी भुकेली असणार होती. ती घरी आली.

चिमीनं नाकतोडे अधाशासारखे खाल्ले. मालननं नेहमीप्रमाणे तंगड्या मोडून एकेक तिच्या चोचीत दिला. मग तिनं भाकरी टाकल्या, जेवली आणि जरा आडवी झाली.

तिला जाग आली ती पिंजऱ्याच्या खडखडाटानं. चिमी दांडीवर नव्हती. खाली पत्र्यावर पडली होती आणि तिचे पंख थरथरत होते. उडायला हलवतात तसे ते हलत नव्हते. कुणी आतून तारा ओढाव्यात तशी ती थरथर होती, बारीक, न थांबणारी. मान मागे पाठीला टेकत होती. चोच उघडी होती.

"वैनी," मालननं हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

भागीरथीवैनी आली. तिनं पाणी चोचीत सोडलं, ते बाहेर आलं. ताक आणलं, तेही बाहेर आलं. मालननं पाखरू दोन्ही हातांत घेतलं. ती थरथर तिच्या तळव्यांतून कोपरापर्यंत चढत होती. तेवढ्यात चिमी खाकरली. दोन कोरडे ठसके. तिसरा लांब निघालाच नाही. ते बुधाजीचं खाकरणं होतं की मरणाऱ्या पाखराचं गुदमरणं, हे मालनला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

पाखरू पदरात घेऊन, पायात चप्पल न घालता ती परळच्या जनावरांच्या इस्पितळात धावली. वैनी मागून डबा घेऊन आली. टेबलाशी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी चिमीला हातात घेतलं, डोळ्यांवरची पापणी वर करून पाहिली आणि हळूच टेबलावर ठेवलं. तिची थरथर वाटेतच थांबली होती.

"काय खायला घातलं होतं, बाई?"

वैनीनं डबा पुढे केला. डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला, बोट आत फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते लगेच नळाखाली धरलं.

"ही किडे मारायची पावडर आहे," ते म्हणाले. "कुणीतरी गवतावर टाकली असेल. किडा ती खातो, अंगाला माखून घेतो, लगेच मरत नाही. तडफडत असतो तोवर पाखराला तो आयता मिळतो. मग जे किड्याला होतं तेच पाखराला होतं." ते जरा थांबले. "रानातला किडा पाळलेल्या जिवाला घालताना तो उडतोय ना, हे बघावं. जो पळत नाही तो घेऊ नये. हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं."

मालन ऐकत होती की नाही, वैनीला समजेना. ती टेबलावरच्या पाखराकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "ते लाल किडे पण मेले होते. त्यांना कुणी खात नाही."

"पावडरीला कडू-गोड कळत नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ती टाकणारा माणूस कोण होता? त्या पावडरीची पिशवी बघायला मिळाली असती तर नेमकी कोणती ते सांगता आलं असतं. माणसालाही वाईट असते ती."

मालन घरी आली. तिनं चिमीला चाळीमागच्या पिंपळाखाली पुरलं. रडली नाही. संध्याकाळी दोनदा उठली आणि कडीला हात लावून परत येऊन बसली. कुणी खाकरलं नव्हतं, तरी. वैनी तिच्याजवळ बसून होती. मालन तिला एवढंच म्हणाली, "डबो लवकर भरलो म्हणान माका बरां वाटलां होतां गो." माणूस रडला तर धीर देता येतो. हिचे डोळे कोरडे आणि एकाच जागी लागलेले. वैनीला तिची भीती वाटली.

सोमवारी मालननं गिरणीत खाडा केला आणि सकाळीच करी रोडला गेली. रात्रभरात त्या बधिरपणातून एक राग वर आला होता. कोंडीरामला विचारायचं होतं. तुला माहीत होतं ना मी इथून काय नेते. मग एक शब्द का नाही सांगितलास.

कोंडीराम खोपटाच्या पायरीवर बसला होता. तोंडात विडी होती आणि तो काडी पेटवत होता. काडी पेटे, विडीपर्यंत येईतो हाताला हिसका बसे आणि विझे. त्याच्या पायाशी विझलेल्या काड्यांचा ढीग पडला होता. त्यानं वर पाहिलं. "बाई," म्हणाला, "लई दिसानं आल्यासारखं वाटतंय. काल आला हुता?"

मालनचा सगळा राग जिभेवर आला होता. तो तिथेच थांबला. ती त्याच्या हाताकडे बघत होती. ती थरथर तिच्या ओळखीची होती. बारीक, आतून येणारी, त्या माणसाच्या हाती नसलेली. कालच ती तिच्या तळव्यांत होती.

"काय होतंय तुला?"

"हिवताप असंल. दोन दिस झालं, काय खाल्लं तर उलटतंय. डोकं गरगरतंय."

"गवतावर ती पावडर तू टाकलीस?"

"मग? सेठनं धाडली. गोदामात किडं शिरत्यात, मागचं गवत समदं झाडून काढ म्हनला. चार गोणी टाकल्या."

"कशानं टाकलीस?"

त्यानं तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं आणि उजवा तळहात पुढे केला. भेगाभेगांत पांढरं भरलेलं होतं. खोपटात जमिनीवर पावडरीच्या रिकाम्या गोणी उसवून अंथरल्या होत्या, वर त्याचं कांबळं होतं. थंडी वाजते म्हणून तो त्यांच्यावरच झोपला होता. कोपऱ्यात त्याच हातानं थापलेली अर्धी भाकरी पडली होती.

रस्त्यानं माणसं जात होती, गोदामात हमाल गोणी मोजत होते, आणि हा माणूस गेले दोन दिवस त्या नाकतोड्यांसारखाच सगळ्यांच्या देखत पडून होता.

"ऊठ," ती म्हणाली. "इस्पितळात चल."

"सेठ काय म्हनंल? इथं कोन बसंल?"

"कोंडीराम, ऊठ तू."

तो उठायला गेला आणि गुडघ्यातून खाली आला. मालन धावत गोदामाच्या पुढच्या अंगाला गेली. तिथे एक हातगाडीवाला पोती उतरवून तंबाखू मळत होता. तिनं त्याला काय सांगितलं ते तिला आठवत नाही, पण त्यानं तंबाखू फेकली आणि गाडी फिरवली. हमालांतला एक जण पुढे आला. तिघांनी मिळून कोंडीरामला गाडीवर आडवं केलं. निघताना मालन परत खोपटात शिरली, एका गोणीचा छापील तुकडा फाडून घेतला आणि पदराच्या टोकानं धरून गाडीच्या कडेला खोचला.

परळच्या वाटेवर त्याला झटका आला. दातखीळ बसली, मान मागे गेली, टाचा फळ्यांवर आपटायला लागल्या. हातगाडीवाला थबकला. "बाई, हा चालला," तो म्हणाला.

"थांबू नको," मालन म्हणाली. "ओढ." तिनं कोंडीरामचं डोकं कुशीवर वळवून धरलं आणि गाडीच्या बरोबरीनं पळत राहिली. तिच्या गुडघ्यांना त्या दिवशी काही दुखलं नाही. नाक्यावरच्या पोलिसानं नुसतं पाहिलं आणि हात करून ट्राम थांबवली.

माणसांच्या इस्पितळात त्याला टेबलावर घेतलं. तापाचं म्हणून बघायला लागलेल्या डॉक्टरीणबाईंपुढे मालननं तो गोणीचा तुकडा धरला. "हे त्याच्या अंगात गेलंय," ती म्हणाली. "काल माझं पाखरू यानं गेलं. असंच थरथरत होतं." डॉक्टरीणबाईंनी तुकड्यावरची अक्षरं वाचली, परिचारिकेला भराभर काही सांगितलं, आणि कोंडीरामचे कपडे कापून काढून त्याला डोक्यापासून पायापर्यंत साबणानं धुवायला लावलं. सुई दिली. मालनलाही हात धुऊन यायला सांगितलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मग तिला हुंदका फुटला. बुधाजी गेला तेव्हाचा, चिमी गेली तेव्हाचा, सगळाच. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं विचारलं, "तुमचे मालक का आत?"

"नाही," मालन म्हणाली. "ओळखीचे आहेत."

कोंडीराम जगला. त्याला आठवडाभर अंधाऱ्या वॉर्डात ठेवलं होतं, कारण उजेडानं, आवाजानं पुन्हा झटका येई. सेठनं त्याच संध्याकाळी दुसरा राखणदार बसवला आणि कोंडीरामचं कांबळं कुंपणाबाहेर फेकलं. शामराव आणि चाळीतले दोघे-तिघे गोदामावर जाऊन मोठ्यानं बोलले, तेव्हा कुठे उरलेल्या गोणी हाताला फडकं बांधून उचलल्या गेल्या आणि प्लॉटवर पोरं जाऊ नयेत म्हणून तार घट्ट केली गेली. कोंडीरामची बायको गावाहून आली ती मालनच्याच खोलीत उतरली. तिला मुंबई ठाऊक नव्हती. रोज मालन तिला इस्पितळात नेऊन सोडायची आणि गिरणीतून परतताना घेऊन यायची. बऱ्या झालेल्या नवऱ्याला घेऊन ती गावी गेली तेव्हा पिशवीत मालननं दिलेली आमसुलं होती.

मालननं पुन्हा पाखरू पाळलं नाही. वळचणीतून पडलेलं पिल्लू कुणी आणलं तर ती ते परत उंचावर ठेवायला लावायची. कुणी तरीही पाळलंच तर त्याच्या घरी जाऊन, न विचारता, सांगून यायची की मेलेला, लोळणारा किडा घालू नका. लोकांना त्याचा कधी कंटाळा येई. ती तरी जायची.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. लालबागेत दिव्यांच्या माळा लागल्या, चाळीचाळींतून ढोल-लेझीम निघाले. त्या गर्दीत वाट काढत कोंडीराम आणि त्याची बायको रोषणाई बघायला म्हणून आले आणि आधी मालनच्या दारी टेकले. त्यानं ज्वारीचं पीठ आणलं होतं. तो भरला होता, तोंडावर तेज आलं होतं, पण हात अजून किंचित हलत होता. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो दुसऱ्या हातानं मनगट दाबून बसला होता. मालननं चहा गाळला, कप बाजूला सारला आणि त्याचा चहा मोठ्या, खोलगट वाडग्यात ओतून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला.